‘बाबांना ट्रायलमध्ये घालू का?’: नायट्रिक ऑक्साइडच्या चाचणीविषयी

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६४ वर्षांचे. इन्फ्लुएन्झातून दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया झालाय. हाय फ्लो ऑक्सिजनवर आहेत, म्हणजे नाकातल्या नळीतून जोरात वाहणाऱ्या ऑक्सिजनवर; व्हेंटिलेटर अजून लागलेला नाही. रुग्णालयात श्वासातून नायट्रिक ऑक्साइड वायू देण्याची ट्रायल चालू आहे: १६० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १६० भाग), अर्धा तास, दिवसातून दोनदा, किंवा त्याऐवजी बिनऔषधी वायू. कोणाला काय मिळणार ते संगणक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणार. उद्या सकाळपर्यंत कळवायचंय. चिरंजीव विचारतात, "हा वायू विषाणू मारतो असं वाचलं. कोविडमध्ये अमेरिकेत वापरलाय. मग सगळ्यांनाच द्या की. निम्म्या लोकांना नुसती हवा देऊन काय साधता? बाबांवर प्रयोग करू द्यायचा का आम्ही?"

मी छातीरोग आणि अतिदक्षता विभागात काम करतो, अशा चाचण्यांत तपासक म्हणून राहिलोय आणि चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीतही बसलोय. तुमच्या बाबांची फाइल माझ्यासमोर नाही, त्यामुळे ‘सही करा’ किंवा ‘करू नका’ असं मी सांगणार नाही. पण तुमचा प्रश्न जिथून सुरू होतो तिथेच थोडी गफलत आहे, ती आधी सोडवू.

तुम्ही विचारताय की वायू विषाणू मारतो का. तुम्हाला खरं हवंय ते असं: हा वायू दिल्याने माझे बाबा घरी येण्याची शक्यता वाढते का? या दोन प्रश्नांच्या मध्ये बरंच अंतर आहे. मधे आणखी एक तिसरा प्रश्न येऊन बसतो, तो म्हणजे ऑक्सिजनचा आकडा वाढतो का. या वायूचा गेल्या तीसेक वर्षांचा इतिहास बघितला तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ दरवेळी ‘हो’ आलंय आणि दुसऱ्याचं बहुतेकदा ‘दिसत नाही’. म्हणून तर ट्रायल लागते.

वायूची ओळख करून देतो. हा नायट्रस ऑक्साइड, म्हणजे भूल देताना वापरतात तो ‘लाफिंग गॅस’ नव्हे. दोघांचं काम पूर्ण वेगळं. नायट्रिक ऑक्साइड आपल्या शरीरातच तयार होतो आणि रक्तवाहिन्या सैल करतो. १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. तो श्वासातून देण्याचं शास्त्र उभं करण्यात बोस्टनच्या मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले डॉ. वॉरन झॅपोल यांचा मोठा वाटा. १९९९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियामक संस्थेने, नवजात बाळांसाठी त्याला मान्यता दिली. जन्मल्यावर ज्या बाळांच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या उघडतच नाहीत, त्यांच्यासाठी. डोस २० पीपीएम. तिथे हे औषध खरंच कामाचं आहे आणि मोठ्या शहरांतल्या एनआयसीयूंमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागांत) आपल्याकडेही ते वापरतात.

विषाणूचा धागा २००३ च्या सार्सपासून लागतो. त्या साथीनंतर प्रयोगशाळेत दिसलं की नायट्रिक ऑक्साइड सोडणारं रसायन पेशींमध्ये घातलं की सार्सच्या विषाणूची वाढ रोखली जाते. २०२० मध्ये कोविडच्या विषाणूवरही तसाच परिणाम दिसला. तुम्ही वाचलंय ते बहुधा हेच, आणि ते खोटं नाही. फक्त त्या प्रयोगात काय केलं होतं ते नीट बघा. बशीत पेशींचा पातळ थर, वर द्रव, आणि त्या द्रवात तासन् तास नायट्रिक ऑक्साइड सोडत राहणारं रसायन. औषधाला विषाणूपर्यंत पोहोचायला कसलाच अडथळा नाही.

फुप्फुसात हे असं होत नाही. वायू हवेच्या वाटेने जातो, त्यामुळे जिथे हवा पोहोचते तिथेच तो पोहोचतो. न्यूमोनियाने भरलेल्या भागात, जिथे विषाणूने सगळ्यात जास्त नासधूस केली आहे, तिथे वायुकोश द्रवाने आणि पूसदृश स्रावाने भरलेले असतात. तिथे हवाच शिरत नाही, तर वायू कुठून शिरणार? तो जातो उरलेल्या चांगल्या भागात. तिथल्या रक्तवाहिन्या उघडतो आणि रक्ताचा प्रवाह त्या बाजूला वळतो. आटलेल्या विहिरीवरची मोटार काढून पाणी असलेल्या विहिरीवर बसवावी, तसा हा प्रकार. त्यामुळे ऑक्सिजन वाढतो, आणि तोही झटपट, कधीकधी काही मिनिटांत. नातेवाईक मॉनिटरकडे बघून हात जोडतात. पण आटलेली विहीर आटलेलीच राहते.

म्हणजे गंमत अशी की ज्या गुणामुळे हा वायू ऑक्सिजन सुधारतो, नेमका तोच गुण विषाणूवरच्या हल्ल्याच्या आड येतो. त्यातून रक्तात शिरताच हिमोग्लोबिन त्याला काही क्षणांत पकडून निकामी करतं. नवजात बाळांत हा फायदाच ठरतो, कारण परिणाम फुप्फुसापुरता राहतो आणि अंगाचा रक्तदाब पडत नाही. विषाणूशी लढायचं तर मात्र वायूचं हे अल्प आयुष्य आडवं येतं. म्हणून विषाणूवर काम करणारे २० सोडून १६० पीपीएमकडे गेले, आणि सतत न देता थोड्या थोड्या वेळासाठी देऊ लागले. इस्राएलमध्ये बाळांच्या ब्रॉन्किओलायटिसवर, म्हणजे बारीक श्वासनलिकांच्या दाहावर, जो बहुतेकदा आरएसव्ही विषाणूने होतो, याच पद्धतीने १६० पीपीएम अर्धा अर्धा तास देऊन चाचण्या झाल्या. २०२० मध्ये बोस्टनला कोविड झालेल्या काही गरोदर स्त्रियांनाही १६० ते २०० पीपीएम दिवसातून दोनदा दिला होता. तुमच्या ट्रायलचा आराखडा याच घराण्यातला दिसतो.

इन्फ्लुएन्झाबद्दल एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसेल, ती मुद्दाम सांगतो. विषाणू आत आला की शरीर स्वतःच भरपूर नायट्रिक ऑक्साइड बनवतं, आणि त्याचा अतिरेक फुप्फुसाला इजाही करतो. नव्वदच्या दशकातल्या प्रयोगांत, ज्या उंदरांमध्ये हा वायू बनवणारं एक विशिष्ट एन्झाइम नव्हतं, त्यांना इन्फ्लुएन्झाचा न्यूमोनिया उलट कमी झाला. आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इन्फ्लुएन्झा झालेल्या उंदरांना ८० आणि १६० पीपीएम वायू देऊनही जास्त उंदीर जगले नाहीत. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. पण ‘विषाणू मारतो, मग सगळ्यांना द्या’ म्हणताना ही बाजूही ताटात वाढायला हवी. बशीतला निकाल आशादायक, उंदरातला तसा नाही, माणसातला माहीत नाही. असं चित्र असतं तेव्हा चिठ्ठी टाकणं हाच प्रामाणिक मार्ग असतो. डॉक्टरला खरोखर माहीत असतं की अमुक बाजू बरी, तर चिठ्ठी टाकायला एथिक्स कमिटी परवानगी देत नाही.

आता माणसांत काय दिसलं ते बघू. विषाणू बाजूला ठेवून, फुप्फुस गंभीर निकामी होण्याच्या अवस्थेत, ज्याला आम्ही एआरडीएस म्हणतो, या वायूवर अनेक चाचण्या झाल्या. २०१६ च्या कोक्रेन आढाव्यात (सगळ्या चाचण्या एकत्र जोखणाऱ्या संस्थेचा अहवाल) अशा १४ चाचण्या एकत्र तपासल्या. पहिल्या दिवसात ऑक्सिजन सुधारला. मृत्यू कमी झाले नाहीत. आणि मूत्रपिंडाला त्रास होण्याचं प्रमाण वायू मिळालेल्या गटात वाढलेलं दिसलं. कोविडमध्ये व्हेंटिलेटरवरच्या १९३ रुग्णांना ८० पीपीएम ४८ तास देऊन अमेरिका आणि स्वीडनमध्ये चाचणी झाली, तिचा निकाल २०२३ मध्ये आला. पुन्हा तेच: ऑक्सिजनचा आकडा सुधारला, २८ दिवसांच्या मृत्यूत फरक नाही. तेव्हा ‘अमेरिकेत वापरला’ हे बरोबर आहे. ‘अमेरिकेत वाचवलं’ असं म्हणायला आधार नाही.

‘पण ऑक्सिजन वाढला, हे काय कमी आहे?’ हा प्रश्न मला प्रत्येक नातेवाईक विचारतो. कमी नाही. कधीकधी तेवढ्यानं रुग्णाला पालथं झोपवायला, दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात हलवायला किंवा व्हेंटिलेटरसाठी घशातून नळी टाकायला वेळ मिळतो, आणि त्या कामासाठी मीही हा वायू वापरतो. पण सुधारलेला आकडा आणि बरा झालेला माणूस यांच्यामध्ये मूत्रपिंड आहे, हृदय आहे, जंतुसंसर्ग आहे, आयसीयूतले लांबलेले दिवस आहेत. मध्ये कुठेही गाडी अडू शकते.

याचं आपल्याकडचं ताजं उदाहरण म्हणजे प्लाझ्मा, कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव भाग. २०२० आणि २०२१ मध्ये प्लाझ्मा डोनर शोधत लोक रात्री-अपरात्री कसे फिरले, कुठल्या कुठल्या ग्रुपवर ब्लड ग्रुप टाकून हात जोडले, ते बहुतेक सगळ्यांना आठवत असेल. आयसीएमआरने देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर ‘प्लॅसिड’ नावाची चाचणी घेतली. त्यात सातव्या दिवशी प्लाझ्मा मिळालेल्यांचा विषाणू जास्त जणांत निगेटिव्ह आला. दम आणि थकवाही जास्त जणांचा गेला. आणि आजार गंभीर होणं किंवा मृत्यू, हे २८ दिवसांनी मोजलं तेव्हा? प्लाझ्मा गटात १९ टक्के, दुसऱ्या गटात १८ टक्के. विषाणू गेला, तरी निकाल जिथल्या तिथे. आता दम आणि थकव्याकडे पुन्हा बघा. त्या चाचणीत कोणाला प्लाझ्मा मिळाला हे रुग्णाला आणि डॉक्टरला, दोघांनाही माहीत होतं. एवढी धावपळ करून मिळवलेली पिशवी चढल्यावर ‘आता बरं वाटतंय’ असं कोण म्हणणार नाही? प्लाझ्माचा त्यात किती वाटा आणि आशेचा किती, हे अशा मांडणीत वेगळं काढता येत नाही. तुमच्या ‘नुसती हवा’ या तक्रारीचं निम्मं उत्तर इथे आहे. दुसऱ्या बाजूला डेक्सामेथासोन बघा. दाह कमी करणारं स्टेरॉइड, काही रुपयांचं इंजेक्शन. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने चिठ्ठ्या टाकूनच जून २०२० मध्ये दाखवलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, आणि ज्यांना ऑक्सिजनच लागत नाही त्यांना काहीच फायदा नाही. औषध तेच. आजाराच्या कोणत्या टप्प्यावर दिलं, यावर सगळं अवलंबून.

राहिलेलं निम्मं उत्तर वायूच्या हिशेबात आहे. हे जरा आकडेमोडीचं आहे, पण ट्रायल चांगली की वाईट हे मी यावरूनच ओळखतो, म्हणून थोडा थांबतो.

नायट्रिक ऑक्साइडचा सिलिंडर शुद्ध नसतो. तो नायट्रोजनमध्ये मिसळलेला येतो, समजा ८०० पीपीएमचा. आता रुग्णाला १६० पीपीएम द्यायचा असेल तर १६० भागिले ८००, म्हणजे श्वासातला पाचवा हिस्सा सिलिंडरमधला लागणार. त्यात जवळजवळ सगळा नायट्रोजन. उरलेल्या चार हिश्श्यांत तुम्ही शुद्ध ऑक्सिजन दिला तरी रुग्णाला ८० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन मिळूच शकत नाही. आणि उरलेले चार हिस्से साधी हवा ठेवली तर ऑक्सिजन १७ टक्क्यांच्याही खाली जातो, म्हणजे खोलीतल्या हवेपेक्षा कमी. २० पीपीएमला हा प्रश्न जाणवत नाही, कारण सिलिंडरचा वाटा अडीच टक्केच असतो. १६० ला तो मोठा होतो.

आता समजा दुसऱ्या गटाला खरोखरच ‘नुसती हवा’ दिली, किंवा नेहमीचा ऑक्सिजन चालू ठेवला. मग एका गटाचा ऑक्सिजन पातळ होतोय आणि दुसऱ्याचा नाही. वायूने फायदा केला असेल तरी तो झाकला जाईल, किंवा उलट दिसेल. म्हणून चांगल्या ट्रायलमध्ये दुसऱ्या गटालाही तेवढाच नायट्रोजन मिसळून देतात आणि दोन्हीकडे ऑक्सिजनचा टक्का मोजून सारखा ठेवतात. तुमच्या फॉर्मवर ‘बिनऔषधी वायू’ म्हणजे नेमकं काय लिहिलंय ते वाचा. नायट्रोजन लिहिलं असेल तर घाबरू नका. आपल्या रोजच्या हवेत तो ७८ टक्के असतो, आणि तो लिहिलाय याचा अर्थ आराखडा करणाऱ्याने डोकं वापरलंय.

तरी कोणाला कोणता वायू मिळतोय हे गुपित राखणं सोपं नसतं. नायट्रिक ऑक्साइडला ऑक्सिजन भेटला की नायट्रोजन डायऑक्साइड बनतो, तो झोंबणारा आणि फुप्फुसाला अपायकारक. वायूचं प्रमाण दुप्पट केलं की हा विषारी भाऊ चौपट वेगाने बनतो. म्हणून दोन्ही वायू रुग्णाच्या अगदी जवळ मिसळतात आणि मास्कजवळ त्याचं प्रमाण सतत मोजतात. सत्र सुरू करण्याआधी नळी धुऊन काढतात, म्हणजे आत साठून राहिलेला जुना वायू बाहेर सोडून देतात. ही पायरी गाळली तर पहिल्याच श्वासाला रुग्ण खोकू शकतो. मशीनचा आकडे दाखवणारा पडदा कापडाने किंवा पुठ्ठ्याने झाकलेला असतो आणि तो बघणारा माणूस वेगळा असतो, जो उपचार ठरवत नाही. वॉर्डात असं झाकलेलं मशीन दिसलं तर काही लपवतायत असं समजू नका. ते मुद्दाम आणि योग्य कारणासाठी आहे.

तुमच्या बाबांच्या जिवाला थेट लागू होणारी गोष्ट म्हणजे मेथहिमोग्लोबिन. हिमोग्लोबिनला नायट्रिक ऑक्साइड चिकटला की त्यातला काही भाग अशा रूपात जातो जो ऑक्सिजन वाहू शकत नाही. २० पीपीएमला हे नगण्य, १६० ला मात्र अर्ध्या तासाच्या सत्रात ते चढत जातं आणि थांबवल्यावर काही तासांत उतरतं. म्हणून सतत न देता सत्रं ठेवतात. बऱ्याच ट्रायलमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास सावध होऊन डोस कमी करायचा किंवा थांबायचं असा नियम असतो. यात फसवणारी बाब अशी की बोटाला लावतो ते साधं ऑक्सिमीटर याला ओळखत नाही. मेथहिमोग्लोबिन फार वाढलं की ते ८५ च्या आसपास अडकून बसतं, ऑक्सिजन कितीही वाढवा. नसेतून किंवा धमनीतून काढलेलं रक्त गॉजवर टिपलं तर लाल न दिसता चॉकलेटी दिसतं आणि हवेत धरलं तरी रंग बदलत नाही. ते नेमकं मोजायला को-ऑक्सिमीटर (हिमोग्लोबिनची वेगवेगळी रूपं ओळखणारं यंत्र) असलेलं एबीजी मशीन, म्हणजे धमनीतलं रक्त तपासणारं मशीन, किंवा त्यासाठीची खास क्लिप लागते. तुमच्या रुग्णालयात ती बाबांच्या बेडजवळ आहे का, रात्रीच्या सत्रालाही चालते का, हा अगदी रास्त प्रश्न आहे. मी तर म्हणेन हाच पहिला विचारा.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. बाबांना जी-सिक्स-पीडी, म्हणजे लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची, जन्मजात कमतरता असेल तर मेथहिमोग्लोबिन वाढल्यावर जे निळं औषध, मेथिलीन ब्लू, देतात ते त्यांना चालत नाही, उलट रक्तपेशी फुटतात. ही कमतरता पुरुषांत जास्त आढळते, आणि आपल्याकडे पारशी, सिंधी आणि काही आदिवासी समाजांत तिचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. रक्ताची साधी तपासणी आहे, ती झाली असेलच, तरी विचारा. डॅप्सोन किंवा प्रायमाक्विनसारखी गोळी चालू असेल तर ती सांगा, तीही मेथहिमोग्लोबिन वाढवते. हृदयाचा डावा कप्पा कमजोर असेल तर हा वायू घातक ठरू शकतो: फुप्फुसातल्या वाहिन्या उघडल्या की जास्त रक्त त्या थकलेल्या कप्प्यावर येऊन आदळतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बघितल्याशिवाय मी स्वतः कोणाला सुरू करणार नाही. क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आधीच वाढलेलं असेल तर वर सांगितलेला मूत्रपिंडाचा धोका जास्त गंभीरपणे घ्यायला हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाबा हाय फ्लोवर किती आधारून आहेत? सत्रासाठी बहुधा हाय फ्लोची नळी काढून घट्ट बसणारा मास्क लावतील. ज्याला ४० टक्के ऑक्सिजन पुरतोय त्याला अर्धा तास हे सहज झेपतं. ज्याला ९० टक्के लागतोय त्याला, वरचा हिशेब लक्षात घेतला तर, १६० पीपीएम देताच येत नाही. अशा रुग्णाला ट्रायलमध्ये घ्यायला निघाले असतील तर मी हरकत घेईन.

आजाराचा दिवसही बघा. विषाणूविरोधी काम व्हायचं असेल तर ते सुरुवातीच्या दिवसांत, विषाणू जोरात वाढत असताना. दहाव्या दिवशी जे चाललेलं असतं ते बरंचसं शरीराच्या स्वतःच्या दाहामुळे. याच तर्काने नायट्रिक ऑक्साइडचा नाकातला स्प्रे निघाला. मुंबईच्या ग्लेनमार्कला फेब्रुवारी २०२२ मध्ये कोविडच्या प्रौढ रुग्णांसाठी त्याची परवानगी मिळाली. ३०६ रुग्णांच्या चाचणीत मुख्य मोजमाप होतं नाकातल्या विषाणूचं प्रमाण, आणि ते वेगाने घटल्याचं दिसलं. तो स्प्रे घरी असलेल्या, हिंडत्या-फिरत्या रुग्णासाठी होता. त्याच्या निकालावरून हाय फ्लोवरच्या माणसाबद्दल काही अनुमान काढू नका. आणि तो आणून आयसीयूत बाबांच्या नाकात मारू नका, कृपा करून.

तुमच्या ट्रायलचं मुख्य मोजमाप काय आहे ते फॉर्मच्या पहिल्या दोन पानांत असतं. विचारायची लाज नको. मृत्यू कमी होतात का हे तपासायला किती माणसं लागतात याचा अंदाज देतो. समजा १०० पैकी २० दगावतात, आणि वायूने ते १५ वर येतील अशी आशा आहे. एवढा मोठा फरक खात्रीने पकडायलाही प्रत्येक गटात सुमारे ९०० रुग्ण लागतात. एका रुग्णालयाला, दोन-तीन हंगाम धरूनही, हे जमणं कठीण. म्हणून लहान ट्रायल ऑक्सिजनचा आकडा, हाय फ्लोवरचे दिवस, व्हेंटिलेटर लागतो की नाही, अशा गोष्टी मोजतात. यात गैर काही नाही, पायरीपायरीनेच जावं लागतं. फक्त ट्रायल संपल्यावर ‘वायूने रुग्ण वाचतात’ असं कोणी छापलं तर विश्वास ठेवू नका. माझं वैयक्तिक मत विचाराल तर, ‘व्हेंटिलेटर लागणं किंवा मृत्यू’ हे एकत्र मोजणारी ट्रायल मला पटते. ‘४८ तासांनी ऑक्सिजन’ एवढंच मोजणारी ट्रायल मला या वायूसाठी आता फुकट गेलेली वाटते, कारण ते उत्तर आपल्याकडे आधीच आहे. काही सहकाऱ्यांना माझं हे मत टोकाचं वाटतं.

‘प्रयोग करू द्यायचा का’ यातली भीती मला कळते. कायद्याने तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. २०१९ च्या औषध-चाचणी नियमांखाली अशी ट्रायल एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय चालत नाही, आणि ती सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत आधी नोंदलेली असावी लागते. नोंदणी क्रमांक मागा, इंटरनेटवर बघा, मोजमाप तिथे लिहिलेलं असतं. फॉर्मची प्रत तुम्हाला मिळायलाच हवी, मराठीत हवी असेल तर मराठीत. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि नियमाप्रमाणे नुकसानभरपाई, हे फॉर्मवर छापलेलं असतं. ट्रायलच्या वायूचं बिल तुमच्या नावावर लागत असेल तर तिथेच थांबा आणि एथिक्स कमिटीच्या सचिवाला फोन करा, नंबर फॉर्मवरच असतो. बाबा शुद्धीत आहेत असं दिसतं, तेव्हा सही त्यांची, तुमची नाही. त्यांना दम लागलाय म्हणून घरच्यांनी परस्पर ठरवायचं, ही आपल्याकडची पद्धत इथे चालत नाही. मधेच बाहेर पडायची मुभा शेवटपर्यंत असते आणि त्याने बाकीच्या उपचारांत फरक पडता कामा नये. एवढंच की चालू सत्राच्या मध्यात मास्क ओढून काढू नका. वायू एकदम बंद झाला तर काही रुग्णांत फुप्फुसाचा दाब उसळतो. ‘थांबवा’ म्हणा, ते उतरवत उतरवत बंद करतील.

ज्या गटात बाबा जातील त्या गटात नेहमीचे उपचार पूर्ण चालू राहतात का, हेही बघून घ्या. इन्फ्लुएन्झा आहे, म्हणजे ओसेल्टामिव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू झालेलं असावं. लहान-मोठा जिवाणूंचा संसर्ग वर चढलाय का हे बघितलेलं असावं. जागेपणी पालथं झोपवण्याचा प्रयत्न चालू असावा. ट्रायलच्या गडबडीत हे मागे पडलं तर कुठलाही वायू भरून काढणार नाही. उलट, नीट चालवलेल्या ट्रायलमध्ये दोन्ही गटांवर जास्त बारीक लक्ष असतं, जास्त वेळा रक्त तपासलं जातं, आणि एक स्वतंत्र समिती मधूनमधून आकडे बघून गरज पडल्यास ट्रायल थांबवते. कोविडमध्ये या वायूची एक मोठी चाचणी अशीच २०२० च्या अखेरीस, फायदा दिसण्याची शक्यता उरली नाही म्हणून, अर्ध्यावर बंद केली होती.

घरी कोणी ‘मग आपणच काहीतरी श्वासातून देऊ’ म्हणत असेल तर त्याला आत्ताच रोखा. २०२१ मध्ये कापूर-ओव्याच्या पोटल्या आणि नेब्युलायझरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचे मेसेज फिरले होते. त्यांनी ऑक्सिजन वाढत नाही. पेरॉक्साइड फुप्फुस भाजतं, आणि कापूर लहान मुलांच्या पोटात गेला तर झटके येतात.

तुम्ही लिहिलंय की उद्या सकाळपर्यंत कळवायचंय. तर आज संध्याकाळच्या राउंडला एवढं विचारून घ्या: बाबांना आत्ता किती टक्के ऑक्सिजन लागतोय, इको आणि जी-सिक्स-पीडी चा रिपोर्ट आलाय का, को-ऑक्सिमीटर रात्री चालतो का, आणि ट्रायलचं मुख्य मोजमाप काय. ऑक्सिजन ६० टक्क्यांच्या आत असेल, इको ठीक असेल आणि उरलेल्या दोन प्रश्नांना रेसिडेंट, म्हणजे वॉर्डातला ड्यूटीवरचा डॉक्टर, न अडखळता उत्तर देत असेल, तर माझ्या स्वतःच्या वडिलांसाठी मी हो म्हटलं असतं. उत्तरं इथे टाकलीत तर रात्री अकरापर्यंत मी बघतो. त्यानंतर माझी ड्यूटी आहे.